भिंतीपलीकडचा भिडू

जाहीर निवेदन. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील तमाम सुजाण नागरिकांना, विशेषतः माझ्या नात्यातल्या मंडळींना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की सदर लेखिका आयुष्यात एकदा सलग सहा दिवस, रोज तीन तास, आणि सातव्या दिवशी बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत, तोंडातून चकार शब्द न काढता बसली होती. घसा बसला नव्हता, भांडण झालं नव्हतं आणि मौनव्रताचा तर प्रश्नच नव्हता. यावर कुणाचा विश्वास बसणार नाही याची लेखिकेला पूर्ण कल्पना आहे. माझ्या नवऱ्याने तर "साक्षीदार आण" असं सांगून ठेवलंय. साक्षीदार होते. त्यातली सात मुलं बोलत नसत, आणि आणखी एक जो होता तो कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

दर वर्षी मार्च आला की हे सगळं परत येतं. आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीसमोर एक शाळा आहे आणि दहावीच्या पेपरांना तिथे केंद्र असतं. सकाळपासून गल्लीत पाण्याच्या बाटल्या धरलेल्या आया, हातावर दही घेऊन "एवढं चाटून जा रे" म्हणत मागे धावणाऱ्या मावश्या, फाटकापाशी शेवटच्या मिनिटापर्यंत पुस्तकात नाक खुपसलेली पोरं. वर पिंपळाला तांबूस पालवी, खाली त्याचीच वाळकी पानं. मग अकराची घंटा होते आणि गल्ली एकदम श्वास धरते. भाजीवालासुद्धा ओरडायचं थांबतो. आंब्याचा मोहोर झडतानाचा आवाज ऐकू येईल अशी ती शांतता. त्या वेळी मी गॅलरीच्या कठड्याला हाताच्या सांध्यांनी तीन ठोके देते. आणि थांबते. काही येत नाही, हे सांगायला नकोच. पण थांबते मात्र.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा ठाण्यात खोपटला राहायचे, एसटी डेपोच्या मागे, आणि हौशी नाटकांतून कामं करायचे. माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचायचा, आणि शेजारच्यांच्या मते पलीकडच्या चाळीतही पोचायचा. अशा बाईला नोकरी लागली ती न बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात, खेळ घेणारी ताई म्हणून. आईने पेढे वाटले. समोरच्या काकू पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "बरं झालं गं, तू बोलताना आता मध्ये कुणी बोलायचंच नाही."

वर्ग भरायचा वर्तकनगरच्या एका शाळेत, तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटून दुसऱ्या खोलीत. अकरा ते दोन. सात मुलं, मी, आणि मदतीला शेवंतामावशी. 'स्वमग्न' हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत नुकताच पोचत होता. लोक सरसकट एकच जुना शब्द वापरायचे आणि तो वापरताना आवाज खाली घ्यायचे. मला शिकवायला मुंबईहून एक वयस्कर बाई दोन दिवस आल्या होत्या. माझी सगळी गाणी, सगळे हावभाव, सगळ्या टाळ्या त्यांनी शांतपणे बघून घेतल्या आणि म्हणाल्या, "छान. आता हे सगळं विसरा. खेळ शिकवायचा नसतो. मूल जे खेळतंय त्यात आपण शिरायचं. त्याच्या दारावर टकटक करायची आणि थांबायचं. तुम्हाला टकटक जमेल. थांबणं जमेल का?"

नाही जमायचं. मनालीच्या बाबतीत तर अजिबात नाही. मनाली नऊ वर्षांची, खाडीकडच्या कोळीवाड्यातली. घट्ट दोन वेण्या, मोठे, काळेभोर डोळे, आणि ते डोळे नेहमी तुमच्या खांद्याच्या थोडं मागे लागलेले. पहिल्या महिन्यात मी कितीदा तरी मागे वळून पाहिलं असेल. कुणी नसायचं. ती दिवसभर बोटांच्या सांध्यांनी ठोकायची, तीन ठोके आणि मग थांबायची. पाट, डबा, खिडकीची चौकट, दुसऱ्या मुलाची पाठ, काहीही. मीही शिकवल्याप्रमाणे तिच्यासारखे तीन ठोके देऊन बघितले. चमच्याने दिले, ठोकळ्याने दिले, एकदा नाटकी आवेशात स्वतःच्या कपाळावर दिले. ती माझ्याकडे न बघता उठून जायची, भलताच नंबर लागल्यावर माणूस फोन ठेवतो तशी. वर्गात येण्याआधी तिचे दिवस कसे जायचे ते तिच्या आईने मला एकदाच सांगितलं होतं. आई मासळी घेऊन बाजारात, बाप होडीवर, आणि मनाली बाहेरून कडी लावलेल्या खोलीत. पहाटेपासून दुपारपर्यंत. "काय करू बाय, रस्त्यावर पलते." आमचा वर्ग म्हणजे त्या कडीतून सुटलेले तीन तास होते.

आणि मार्चमध्ये त्या तीन तासांवरच गदा आली. शाळेला दहावीचं केंद्र मिळालं. आमचे मुख्याध्यापक दामले सर म्हणजे पांढरा शर्ट, काळी छत्री (बारा महिने), आणि हसणं निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवलेलं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, परीक्षेपुरता वर्ग बंद ठेवा."

मी म्हटलं, "सर, महिनाभर बंद ठेवला तर आमची मुलं सहा महिने मागे जातात."

"मग वेळ बदला."

"वेळ बदलली की त्यांचं जगच उलटं होतं, सर. अकराला इथे आलं नाही तर मनाली दुपारचं जेवतसुद्धा नाही."

सरांनी छत्रीची मूठ दोनदा फिरवली. "ठीक आहे. नाहीतरी तुमची मुलं बोलत नाहीतच. आवाजाचा प्रश्न येऊ नये. पण खालून एक जरी तक्रार आली, एक जरी, तर ती खोली मी जूनपासून शिवणवर्गाला देईन. ते केव्हाचे मागताहेत."

जगात सगळ्यांची हीच चूक होते. बोलत नाही म्हणजे गप्प असतो! आमच्या वर्गात कुणी शब्द बोलत नसे, पण एक जण पंख्याच्या सुरात सूर मिळवून तासभर गुणगुणायचा, एक टाचांवर उड्या मारत किंचाळायचा, एक जण बाकं ढकलायचा. आणि त्यावर कडी म्हणजे मी.

म्हणून त्या मोसमात मी मुक्याचे खेळ काढले. आईची एक जुनी, निळी, झिरझिरीत साडी आणली. मी आणि मावशी चार टोकं धरून ती उंच उचलायचो आणि सावकाश खाली सोडायचो. सात मुलं खाली उताणी पडलेली. साडी हवेने फुगून वर जायची, आणि खाली येताना सगळ्यांचे चेहरे निळे व्हायचे. परातीत तांदूळ भरून त्यात हात पुरायचे. एका हाताला दुसरा हात आत कुठेतरी सापडायचा आणि दोन्ही मालक वर वेगवेगळ्या दिशांना बघत बसायचे. खिडक्यांना चादरी लावून बॅटरीच्या उजेडात सावल्या पाडायच्या. दोरीत ओवलेला रबरी चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात. सगळं बिनआवाजी. माझ्या गळ्यात शब्द अडकून अडकून घसा दुखायचा, पण दुसऱ्या तासाला काहीतरी विलक्षण व्हायचं. खाली तीन मजल्यांवर शेकडो पोरं पेनं चालवताहेत, वागळे इस्टेटकडून कुठल्याशा यंत्राचा मंद धबधब येतोय, चादरींमुळे खोलीत भर दुपारी संध्याकाळ झालीये, आणि सात मुलं आपापल्या सावल्यांकडे अशी बघताहेत की जणू सावल्यांनीच त्यांना आणून सोडलंय. एकदा मी मोजल्या. मला आठ सावल्या दिसल्या. माझी आणि मावशीची धरून नऊ व्हायच्या तरी नाहीतर सात तरी. आठ कशा? परत मोजायचं धाडस केलं नाही. गणित कच्चंच आहे माझं.

पहिल्या सोमवारी, मराठीच्या पेपराच्या दिवशी, साधारण बाराच्या सुमाराला मनाली साडीखालून निघाली आणि कोपऱ्यातल्या भिंतीपाशी जाऊन उकिडवी बसली. त्या भिंतीपलीकडे शाळेची जुनी प्रयोगशाळा. छत गळतं म्हणून दोन वर्षं कुलूपबंद. तिच्यापलीकडे खोली नाही, जिना नाही, नुसती हवा आणि लांब येऊरचे करपलेले डोंगर. मनालीने गाल भिंतीला टेकवला आणि ठोकलं. ठक, ठक, ठक.

आणि भिंतीने उत्तर दिलं. ठक, ठक.

मी मावशीकडे बघितलं. मावशींच्या हातातलं साडीचं टोक सुटलं होतं. "ताई," त्या नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "आयकलंत?" मी मान हलवली. मनाली हसत होती. इतक्या महिन्यांत तिचं हसू मी पहिल्यांदा बघितलं. ते भिंतीसाठी होतं, याचा मला आधी राग आला आणि भीती नंतर वाटली. हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. माणसाचा मत्सर भुतालाही थांबायला लावतो.

मंगळवारी तसंच. तिनाला दोन, परत तिनाला दोन, असं दहा-पंधरा मिनिटं. मग ती उठून शहाण्यासारखी तांदळाच्या परातीपाशी येऊन बसली. मी तिच्या जागी जाऊन गुपचूप तीन ठोके दिले. पलीकडे शांतता. मावशींनी दिले. शांतता. मनालीने दिले, लगेच दोन आले. मावशींनी दुसऱ्या दिवशी लिंबू आणून खिडकीत ठेवलं. मनालीने ते उचललं, लाल ठोकळा आणि पिवळा ठोकळा यांच्यामध्ये नीट ओळीत लावलं, आणि पुढच्या कामाला लागली.

तिला थांबवावं, तर ती किंचाळणार आणि खोली गेलीच. ठोकू द्यावं, तर खाली कुणाच्या तरी कानावर जाणार आणि तरीही खोली गेली. मी भिंतीला गोणपाट लावलं. तिने ते घडी घालून माझ्या मांडीवर आणून दिलं.

बुधवारी सकाळी दहालाच मी दामले सरांना गाठलं. "सर, प्रयोगशाळेत उंदीर झालेत वाटतं."

"उंदीर? माझ्या शाळेत?" सर किल्ल्या घेऊन तरातरा वर आले. कुलूप गंजलेलं, दोन वेळा तेल घालावं लागलं. आत फॉर्मलिनचा जुना वास, कपाटात बरणीतला बेडूक, लाकडी टेबलं. आणि जमिनीवर धूळ. सपाट, सारवल्यासारखी, उंबरठ्यापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत. तिच्यावर एकही पाऊल नाही. उंदराचंसुद्धा नाही.

"बघा," सर विजयाने म्हणाले. "उंदीर नाहीत."

मी आमच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होते. कोपऱ्यात, नऊ वर्षांची मुलगी उकिडवी बसली तर तिच्या गालाच्या उंचीवर, भिंतीवरच्या धुळीत एक बांगडीएवढा गोल होता, पुसल्यासारखा स्वच्छ. मी बोट दाखवलं.

"ओल आहे," सर म्हणाले. पण जरा वेळ बघत राहिले. मग जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "इथे शांत आहे नाही? थंडही आहे." त्या आठवड्यात त्यांच्या केबिनमध्ये बाहेरच्या शाळेचे केंद्रसंचालक येऊन बसले होते आणि सरांच्याच खुर्चीत बसून सरांनाच चहाला विचारत होते, त्याचा तो परिणाम.

गुरुवारी दोन वाजता मनालीची आई तिला न्यायला आली. डोक्यावर रिकामी पाटी, केसात अबोलीचा गजरा. मी दिवसभराचं तुंबलेलं सगळं तिच्यापुढे ओतलं. तिला आश्चर्यच वाटलं नाही.

"बाय, ती उगाच ठोकत नाय," ती म्हणाली. "थंडीत खारीन धुकं परतं ना, तवा होऱ्या एकमेकांना दिसत नाय. मग तिचा बापूस फलीवर तीन ठोके देते. म्हंजे, कोन हाय? दुसऱ्या होरीनं दोन द्याचे. म्हंजे, मी हाय. ही बारकी असताना बापसासंगट जायाची. तेवराच शिकली."

"पण मीही ठोकून बघितलं तिच्यासारखं. बघतसुद्धा नाही माझ्याकडे."

"तुमी किती दिले?"

"तीन. तिच्यासारखेच."

ती हसली. "मग तुमी पन तिलाच इचारताव, कोन हाय? उत्तर कोन देनार?" पाटी सारखी करत ती जिन्याकडे वळली आणि सहज बोलल्यासारखी म्हणाली, "घरा पन ठोकते ती, कडी लावली का. पन घरा कोन परत दोन देत नाय. हितं देतंय कोनतरी. देव बरं करो त्याचं."

 वर्तकनगरच्या तिसऱ्या मजल्यावर, सिमेंटच्या भिंतीआड, खाडीतल्या धुक्याची भाषा कुणाला येत होती? तिनाला दोन द्यायचे हे त्याला कुणी सांगितलं होतं?

शुक्रवारपासून एक गंमत सुरू झाली. मनालीने तीन ठोके दिले आणि पलीकडून आले तीन. ती थबकली. गाल भिंतीपासून काढून भिंतीकडे बघितलं. परत तीन दिले. आले चार, तेही जरा घाईघाईने, घसरल्यासारखे. मनालीने एक निःश्वास टाकला. हाच निःश्वास मी टाकते, नवीन मोलकरणीला तोच डबा तिसऱ्यांदा दाखवताना. मग तिने अगदी सावकाश तीन ठोके दिले, थांबली, आणि स्वतःच दोन दिले. परत तीन, परत दोन. शिकवणी चालली होती! शनिवारी बाराच्या आत पलीकडच्या विद्यार्थ्याला दोन जमायला लागले. ती इतकी खूष झाली की परतताना पहिल्यांदा, चुकून का होईना, माझ्या मांडीवर बसली. मी हळूच तिच्या पाठीवर दोन ठोके दिले. मी आहे. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. खांद्यामागे नाही. तोंडाकडे.

आणि सोमवारी, विज्ञानाच्या पेपराला, भरारी पथक आलं. चष्मा साखळीला बांधलेल्या एक अधिकारी बाई, मागे केंद्रसंचालक. वर्गाच्या दारात उभ्या राहून त्या कुजबुजल्या, "खालच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकांची तक्रार आहे. वरून भिंतीतून ठोके येतात. एक ठोका म्हणजे अ, दोन म्हणजे ब, तीन म्हणजे क. योग्य पर्याय निवडा! बारा वर्षं पथकात आहे मी, हे सगळे प्रकार मला पाठ आहेत."

मी तोंड उघडलं. शिवणयंत्रं मला दिसायला लागली, ओळीने मांडलेली, आणि एक बाहेरून कडी लावलेलं दार.  तेवढ्यात मनालीने, कुणाचीही भीड न धरता, भिंतीला गाल लावून दिले. ठक, ठक, ठक.

पलीकडून आले. ठक, ठक.

"क आणि ब!" बाई आनंदाने जवळजवळ ओरडल्याच. "कोण आहे पलीकडे?"

आम्ही सगळे धावलो. प्रयोगशाळेला कुलूप नव्हतं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवट माझ्या मनासारखा करता येईल. बारा वाजून वीस मिनिटांनी मी बोलायला लागले. सहा दिवसांचं साठलेलं सगळं, धुकं, होड्या, फळी, कडी, न थांबता, शेवटच्या रांगेपर्यंत. खाली विज्ञानाचा पेपर चालला होता हे केंद्रसंचालकांनी मला दोनदा खुणेने सांगितलं. अधिकारी बाईंनी शेवटी भिंतीपाशी जाऊन स्वतः तीन ठोके दिले. पलीकडून, आमच्या वर्गातून, दोन आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि वहीत लिहिलं की आक्षेपार्ह काही आढळलं नाही. शिवणवर्ग तळमजल्यावर गेला. ती खोली आमच्याकडे राहिली, पुढे मी ती नोकरी सोडून डोंबिवलीला आले तेव्हाही होती. मनाली शब्द कधीच बोलली नाही. पण तिच्या आईने दाराची कडी काढून टाकली, कारण शेजारपाजारच्या चार घरांनी दोन ठोके द्यायला शिकून घेतलं. एवढंच. एवढंच पुरलं.

आता मागे चला, दार उघडलं त्या क्षणाकडे. आत उन्हाची एक तिरीप, तिच्यात तरंगणारी धूळ. बरणीतला बेडूक. भिंतीच्या कोपऱ्यात, उलट्या घातलेल्या घमेल्यावर, दामले सर. चपला काढलेल्या, छत्री बाजूला उभी, गाल भिंतीला टेकलेला, हातात फळा पुसायचा लाकडी डस्टर. आम्हाला बघून ते ताडकन उठले. गालावर चुन्याचा पांढरा ठसा. एवढा मोठा, सत्तावन्न वर्षांचा माणूस, हात पाठीमागे लपवून उभा.

अधिकारी बाईंनी वही उघडली. "सर, तुम्ही? मुख्याध्यापक? खालची तक्रार पहिल्या पेपरापासूनची आहे. गेल्या सोमवारपासून रोज, बाराच्या सुमाराला, वरून तीन आणि लगेच दोन. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, रोज."

सरांच्या चेहऱ्यावरची लाज हळूहळू ओसरताना मी बघितली. तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं. त्यांनी जमिनीकडे बघितलं, बुधवारी जिथे एकही पाऊल नव्हतं त्या धुळीकडे. मग भिंतीतल्या त्या बांगडीएवढ्या गोलाकडे. हातातला डस्टर खाली पडला, आणि सर सगळ्यांसमोर मोठ्याने बोलून गेले,

"सोमवारपासून? अहो, मी तर शुक्रवारपासून खेळतोय!"